जव मिळेल का हो, जव?

परदेशात संसार थाटलेल्या बायकांच्या हकिगती आपण सगळ्याच आवडीने वाचतो. बहुधा त्या अमेरिकेच्या असतात. अमेरिकेने १९६५ साली तिथे स्थायिक होण्याचे कायदे बदलले आणि त्यानंतर डॉक्टर-इंजिनिअर नवऱ्यांबरोबर आपल्याकडच्या कितीतरी मुली तिकडे गेल्या. 'क्रीम ऑफ व्हीट' नावाचा डब्यातला रवा भाजून त्यांनी उपमा केला, 'बिस्क्विक' नावाच्या तयार पिठात दूधभुकटी कालवून गुलाबजाम तळले. शिकागोत १९७४ साली पटेल बंधूंचं किराणा दुकान निघालं, पण ते निघेपर्यंत तुरीच्या डाळीसाठी त्या बिचाऱ्यांनी काय काय केलं असेल! त्याच्याही आधी, १८८३ साली, आनंदीबाई जोशी डॉक्टरी शिकायला गेल्या तेव्हा तर विचारायलाच नको. परक्या मुलखात, परक्या थंडीत त्यांनी शाकाहार सांभाळला. १८८६ मध्ये पदवी घेतली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, क्षयाने गेल्या.

हे सगळं वाचताना एक गोष्ट मात्र आपल्या ध्यानात येत नाही. परदेश म्हणजे दर वेळी तिकडेच असतो असं थोडंच आहे? आपलं गाव, आपला आठवडी बाजार, आपली वांगी, आपली तुरीची डाळ, हाच कुणाचा तरी परदेश असू शकतो.

आमच्या जुन्या भंडारा जिल्ह्यात तो तसा आहे. 'जुन्या' म्हणते, कारण १ मे १९९९ ला जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि अर्जुनी मोरगाव तालुका गोंदियाकडे गेला. त्या तालुक्यात इटियाडोह धरणाच्या बाजूला गोठणगाव आहे. गोठणगावला लागून १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. वसाहतीचं नाव नोर्ग्येलिंग. आमच्याकडे मात्र सगळे 'तिबेटी कॅम्प' म्हणूनच ओळखतात. थंडीत विदर्भातल्या शहरांतून स्वेटरची दुकानं लावणाऱ्या तिबेटी बायका तुम्ही पाहिल्या असतीलच. लुधियानाहून माल आणायचा, दिवाळीनंतर दुकान थाटायचं आणि संक्रांत झाली की गाशा गुंडाळायचा. बाकीचं वर्ष शेती. त्यांतल्याच एका सूनबाईंकडून मी दर वर्षी मुलांचे स्वेटर घेते. बोलता बोलता एकदा खाण्यापिण्याचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे सगळं माझ्या सासूला विचारा. त्या पहिल्या दिवसापासूनच्या आहेत."

माझी नणंद अर्जुनीला असते. तिला घेऊन एका रविवारी मी गेले. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, तेव्हा तिबेटचं पठार, सरासरी उंची साडेचार हजार मीटर, हे सगळं मला पाठ आहे. पण त्या उंचीचा आणि स्वयंपाकघराचा संबंध काय, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. ते त्या आजींनी सांगितलं.

आजी आता सत्तरीच्या पुढे आहेत. दलाई लामा १९५९ च्या मार्चअखेर भारतात आले आणि त्यांच्यामागून सुमारे ऐंशी हजार माणसं हिमालय ओलांडून आली. त्यात या होत्या, आईचा हात धरून, दहा-अकरा वर्षांच्या. आसामात तेजपूरजवळ मिसामारी नावाच्या ठिकाणी बांबूच्या झोपड्यांत त्यांना ठेवलं होतं. तिथली गरमी आणि तिथलं अन्न, दोन्ही सोसलं नाही. कितीतरी माणसं आजारी पडली. पुढे बरीच वर्षं रस्त्याच्या कामावर खडी फोडण्यात गेली. कर्नाटकात बैलकुप्पेला, छत्तीसगडात मैनपाटला अशा वसाहती होत गेल्या, आणि १९७२ साली ही आपल्याकडची. आजी तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर. पदरी एक मूल, पोटात दुसरं, आणि सोबत सासूबाई.

आता भूगोल. उंचावर पाणी लवकर उकळतं हे आपण शाळेत शिकतो. ल्हासा शहर सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. म्हणजे भांड्यात खळखळाट भरपूर, पण डाळ काही शिजत नाही. भात कचवट राहतो. सरपणही दुर्मीळ, कारण झाडंच कमी, याकच्या शेणाच्या गोवऱ्या जाळायच्या. अशा मुलखातल्या बाईने काय करावं? तिने धान्य शिजवायचा नादच सोडला. वाळू तापवायची, तीत जव टाकून भाजायचे, चाळणीने वाळू वेगळी करायची आणि ते भाजलेले जव दळून पीठ करायचं. या पिठाला 'त्सांपा' म्हणतात. वाडग्यात थोडा चहा, थोडं लोणी, वर मूठ-दोन मूठ पीठ, बोटांनी मळून गोळा करायचा की झालं जेवण. ना चूल, ना पोळपाट. प्रवासात तर पिठाची चामडी पिशवी असली की माणूस महिनाभर चालू शकतो.

ऐकता ऐकता नणंद म्हणाली, "वहिनी, हा तर आपला भडभुंजा!" खरंच की. फुटाणे, लाह्या, मुरमुरे आपल्याकडे तापल्या वाळूतच होतात. आणि ते पीठ म्हणजे आपलं सातूचं पीठ. मराठीत सातू म्हणजे मुळात जवच. आपण पुढे त्यात गहू आणले, फुटाण्याची डाळ आणली, गूळ घातला आणि उन्हाळ्याचं पेय करून टाकलं. जव गेले, नाव तेवढं राहिलं.

पण ही सगळी हुशारी आपल्याला आज सुचते. १९७२ साली नवख्या मुलखात उतरलेल्या बाईला कुणी हे सांगितलं नव्हतं. तिच्यापुढे एकच प्रश्न होता. सासू भात खात नाही.

"भात तं आमच्याकडे सणाला मिळे," आजी म्हणाल्या. त्यांची मराठी आमच्या झाडीपट्टीची, मधूनच हिंदी, मधूनच त्यांची भाषा. "लग्नात, नवीन सालात. गोड भात, त्यात लोणी, मनुका. रोज कोण खाते भात?" तिबेटात तांदूळ पिकतो तो फार थोडा, सखल कोपऱ्यांत. बाकी सगळा बाहेरून यायचा, म्हणून तो महाग आणि मानाचा. आणि सरकारने जमीन दिली ती नेमकी धानाची! भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, बोड्या-तळ्यांच्या पाण्यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या धानच झालं. रोवणीला चिखलात वाकून उभं राहणं ज्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांना ते शिकावं लागलं. शेजारच्या गावच्या बायकांनी शिकवलं. जे अन्न घरी सणाला, तेच आता सकाळ-संध्याकाळ. पोरं खाऊ लागली, पोरांना काय! सासूबाई दोन घास घेऊन वाडगा सरकवायच्या. "पोट भरते, जेवल्यावाणी वाटत नाही," असं म्हणायच्या.

हे वाक्य ऐकून मी हसले, तेव्हा आजींनी का म्हणून विचारलं. माझ्या सासूबाई धाकट्या दिरांकडे पुण्याला राहायला गेल्या की फोनवर नेमकं हेच सांगतात. तिथे पोळी-भाजी जास्त, भात नावाला मूठभर. पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही! झाडीपट्टीच्या माणसाला भाताशिवाय जेवण नाही आणि तिबेटच्या माणसाला भाताने जेवण नाही.

मग आजींनी जव शोधायला सुरुवात केली.

बाजार म्हणजे आठवडी बाजार. भाषा येत नाही, म्हणून बोटाने दाखवायचं. मापाची गंमत वेगळीच. कायद्याने किलो-ग्रॅम येऊन दहा वर्षं झाली होती, पण गावात धान-डाळ पायलीने आणि कुडवानेच मोजली जायची. एक पायली म्हणजे किती, हे कळेपर्यंत आजींना दोन-चारदा कमी भरून मिळालं. त्यांनी त्यावर उपाय काढला. घरून आपला लाकडी वाडगा न्यायचा आणि दुकानदाराने मोजलेलं धान्य त्याच्यासमोर पुन्हा मोजायचं. तोंडाने काही बोलायचं नाही, नुसतं मोजायचं. तिसऱ्या बाजाराला मापं बरोबर येऊ लागली. मला ही युक्ती फार आवडली. आपण भाषा येत असून गप्प बसतो.

बाजारात होतं काय? वांगी, चवळी, अंबाडी, वाल, सांबार. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भंडाऱ्याची मुलगी पुण्या-मुंबईला दिली की पहिल्या आठवड्यात भाजीवाल्याकडे सांबार मागते आणि तो तिला उडप्याच्या हॉटेलाचा रस्ता दाखवतो. परदेशाला एवढं लांब जावं लागत नाही ते असं.) तळ्यातले मासे, आणि सुकट-झिंग्यांचे ढीग. मासे तर त्यांना बघवत नसत. जुन्या तिबेटी लोकांची समजूत अशी की खायचंच तर एक मोठं जनावर मारावं, पुष्कळांचं पोट भरतं. एका वाटीसाठी शंभर लहान जीव घेणं हे जास्त पाप. म्हणजे आमच्या झिंग्यांच्या चटणीचा हिशेब त्यांच्या दृष्टीने केवढा होत असेल! सुक्या मासळीच्या रांगेपाशी आल्या की सासूबाई नाकाला पदर नव्हे, बाही लावायच्या.

मुळा मात्र ओळखीचा निघाला. त्यांच्याकडे भाज्या मोजक्याच, पण मुळा असतोच, त्याला 'लाबू' म्हणतात. आणि पहिल्या पावसाळ्यात एक गंमत झाली. जंगलातून बायका टोपल्या भरभरून सात्या घेऊन आल्या. सात्या म्हणजे पावसात वारुळाच्या जागी उगवणाऱ्या अळिंब्या, कुणी टेकोडे म्हणतात. ल्हासाकडे पावसाळ्यात अशाच अळिंब्या लोण्यावर भाजून खातात. सासूबाईंनी टोपली पाहिली आणि आल्यापासून पहिल्यांदा स्वतः हात पुढे करून वस्तू मागितली. त्या दिवशी घरात सणासारखं झालं होतं, असं आजी सांगत होत्या. सात्यांचा हंगाम किती, तर पंधरा-वीस दिवस!

जव काही मिळेना. आपल्या भागात धान निघाल्यावर त्याच बांधीत लाखोळी, हरभरा, जवस होतो, कुठे गहू. जव कोण पेरणार? शेवटी कुणीतरी सांगितलं की किराणा दुकानात पूजेच्या सामानात असतात. होमाला आणि श्राद्धाला जव लागतात हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे दुकानात पुडी असते, छटाक-दोन छटाकांची. आजींनी खुणेने पाच किलो मागितले. दुकानदार चकित. "पाच किलो जव? किती जणांचं श्राद्ध आहे बाई?" बाजूच्या माणसाने हिंदीत समजावून सांगितलं तेव्हा त्याने कुठून तरी मागवून दिले, हे त्याचे उपकारच.

पण ते जव निराळे. तिबेटात पिकतात ते बिनसालीचे, मळले की दाणा उघडा होतो. आपल्या मैदानी मुलखातले जव सालीचे. भाजून दळले तर साल पिठात येते आणि घशाला कुसळासारखी टोचते. सासूबाईंनी एक घास घेतला आणि खोकत सुटल्या. मग आजींनी दुसऱ्यांदा जव थोडे ओलसर करून उखळात कांडले, सुपाने पाखडले, वाळवले, नाल्याच्या वाळूत भाजले आणि पुन्हा दळले. पाच किलोचं पीठ पडलं तीन किलो. ते त्यांनी डब्यात भरून ठेवलं. पोरांना त्याला हात लावायची बंदी.

चहाचीही तीच तऱ्हा. त्यांचा चहा म्हणजे चीनच्या सिचुआनकडून येणाऱ्या चहाच्या विटा. विटेचा तुकडा तोडून तासन्‌तास उकळायचा, लाकडाच्या उंच नळकांड्यात ओतायचा, त्यात मीठ आणि याकचं लोणी घालून दांड्याने घुसळायचा. (याक म्हणजे फक्त नर. मादीला 'द्री' म्हणतात. त्यामुळे 'याकचं दूध' म्हटलं की तिबेटी माणसं हसतात, आपण बैलाचं दूध म्हटल्यासारखं.) इथे विटा नाहीत, द्री नाही. दुकानातली चहाची भुकटी, गावातल्या गाईचं पाव-अर्धा शेर दूध. लोणी काढायचं तर दूध उरायचं नाही आणि मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा लोणी तरी लोणी राहतं का? तूप होतं. अशा उन्हात लोण्याचा गरम चहा कसा पितात, मला तर कल्पना करवेना. आजी म्हणाल्या, "तुम्ही नाही का मठ्ठा घुसळत? त्यात मीठ नाही का टाकत? तेच तं आहे. तुमचा गरमीसाठी, आमचा थंडीसाठी."

सासूबाईंचा पहिला उन्हाळा १९७३ चा. त्या पार वाळल्या. डॉक्टरांनी वरण-भात, ताक, पातळ खिचडी द्या म्हणून सांगितलं. सगळं बरोबरच होतं. पण खाणाऱ्याने खाल्लं तर ना! इथे मला आपल्याच आईची, आजीची आठवण होते. महाराष्ट्रात १९७२ म्हटलं की दुष्काळ. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी. आपल्याच घरात, आपल्याच चुलीवर आपल्या माणसांना परक्या देशाचं धान्य शिजवावं लागलं. ती भाकरी कशी लागायची, हे जुन्या बायका अजून तोंड वाकडं करून सांगतात. पोटात भूक असून घास फिरतो म्हणजे काय, हे त्यांना विचारा. लोक म्हणतात भुकेला कोंडा गोड. दर वेळी नसतो.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची एक बाई, जिने आजींना रोवणी शिकवली होती, ती म्हातारीला बघायला आली. येताना वाटीभर सातूचं पीठ घेऊन आली. आपल्याकडे करतात तेच. गहू थोडे ओले करून कांडलेले, भाजलेले, त्यात फुटाण्याची डाळ, दळून बारीक केलेलं. सोबत गुळाचा खडा. उन्हाळ्यात आजारी माणसाला हलकं असतं म्हणून. म्हातारीने पीठ हुंगलं. गूळ बाजूला ठेवला. मिठाचा चहा मागितला, त्यात ते पीठ टाकलं आणि बोटांनी मळायला लागली. दोघी बघतच राहिल्या. पूर्ण वाडगा संपवल्यावर म्हातारी म्हणाली, "हे आपलं नाही. पण हाताला ओळखीचं आहे."

तेव्हापासून त्या घरात पीठ असं होऊ लागलं: दोन भाग गहू, एक भाग फुटाण्याची डाळ, आणि मिळाले तर जव. गहू बाजारात हवे तेवढे, फुटाणे भडभुंज्याकडे. पुढे वसाहतीची माणसं थंडीत स्वेटर घेऊन शहरांत जाऊ लागली, तेव्हा कुणी ना कुणी उत्तरेकडून खरे जव किंवा तयार त्सांपा आणू लागलं. म्हातारी दोन उन्हाळे निभावली. तिसऱ्या उन्हाळ्यात, १९७५ साली, ती गेली. खाणं हे कारण होतं की वय, ते आजी सांगत नाहीत आणि मीही विचारलं नाही. शेवटचे आठ दिवस ती पीठच मागत होती, आणि घरात पीठ होतं, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं.

आज आजींच्या स्वयंपाकघरात गॅस आहे, कुकर आहे, मिक्सर आहे. चहा त्या मिक्सरमध्येच फिरवतात, अमूलच्या खारट लोण्याने मिठाचंही काम निम्मं होतं. दुपारी वरण-भात, वांग्याची भाजी, लसणाची चटणी. भिवापुरी मिरची त्यांना मनापासून आवडते. तिच्यात लसूण, टोमॅटो, मीठ घालून त्या वाटतात आणि 'सेपेन' म्हणून सगळ्यावर घेतात. आणि त्सांपा? तो आता देव्हाऱ्यात गेला. 'लोसार' म्हणजे तिबेटी नवीन वर्ष फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतं, आपल्या महाशिवरात्रीच्या आगेमागे. तेव्हा एका सुबक लाकडी पेटीत एका बाजूला लोण्यात मळलेला त्सांपा आणि दुसऱ्या बाजूला भाजलेले दाणे ठेवतात. आल्या-गेल्याने चिमूट घ्यायची, वर उडवायची, तोंडात टाकायची. नातवंडं चिमूट घेतात आणि भात वाढा म्हणतात.

मोमो तर आता आपल्या कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, त्यावर मी लिहीत नाही. (तिबेटीत आजीलाही 'मोमो-ला' म्हणतात. मुलांना या गोष्टीचं कोण हसू!) मला आवडलं ते 'थेंथुक', म्हणजे ओढून तोडलेल्या कणकेचं सूप. आपल्या वरणफळांची सख्खी बहीण. आजींनी करून वाढलं आणि मी घरी येऊन दोनदा केलं. सांगते. चार माणसांना दोन वाट्या कणीक, चिमूटभर मीठ आणि साधारण पाऊण वाटी पाणी घालून पोळीपेक्षा घट्ट मळा. तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवा, ही विश्रांती चुकवू नका, नाहीतर कणीक ओढली जात नाही. कढईत थोड्या तेलावर कांदा, आलं, लसूण परता. एक टोमॅटो आणि मुळ्याच्या पातळ चकत्या घाला. सहा-सात वाट्या पाणी आणि मीठ घालून उकळू द्या. कणकेच्या बोटाएवढ्या जाड वळ्या करा. वळी अंगठ्याने चपटी करत डाव्या मनगटावर टाका आणि उजव्या हाताने नखाएवढे तुकडे तोडून उकळत्या पाण्यात सोडा. तुकडे वर तरंगले की मूठभर पालक आणि सांबार. पाच मिनिटांत उतरवा. पावसाळ्याच्या संध्याकाळी एवढ्यावर जेवण होतं. मुलं कणीक तोडायला मागतात, तोडू द्या. मांसाहारी घरांत पाण्याऐवजी मटणाचं पाणी घेतात.

ज्यांच्या मुली परदेशी जायच्या आहेत अशा मैत्रिणींसाठी मी आजींना मुद्दाम विचारलं, की सोबत काय द्यावं? त्या म्हणाल्या, मसाला कितीही द्या, सहा महिन्यांत संपतो. पोरीला धान्य ओळखायला शिकवा. दाणा भाजून बघायचा, चावून बघायचा, पीठ हुंगून बघायचं. पुडीवरचं नाव वाचून काही कळत नाही. आणि तिथल्या एखाद्या बाईशी ओळख करायला सांगा, दुकानदाराशी नव्हे. दुकानदार आहे ते विकतो. काय कशासारखं लागतं, हे बाईलाच ठाऊक असतं.

आजींना हे विचारायला आणखी एक कारण होतं. त्यांची एक नात टोरांटोला आहे. कॅनडात त्या शहरातल्या पार्कडेल भागात तिबेटी वस्ती आहे, खानावळी आहेत. ही मुलगी जन्मली गोठणगावला, शिकली इथेच. तिला तिथे त्सांपा मिळतो, जव तर काय, दुकानात पोत्यांनी. आणि ती फोनवर आजीकडे मागते काय? चिन्नोर! आपला बारीक, वासाचा चिन्नोर तांदूळ. तिथल्या भारतीय दुकानात बासमती आहे, सोना मसुरी आहे, पण चिन्नोर नाही. बासमतीवर वरण घेतलं तर म्हणे जेवल्यासारखं वाटत नाही.

आजींच्या शेतात थोडा चिन्नोर असतो, घरापुरता. ओळखीचं कुणी तिकडे जाणार होतं, त्याच्याबरोबर द्यायला दोन किलोची पिशवी शिवून तयार होती. सोबत जवसाची चटणी आणि मूठभर भिवापुरी मिरच्या. पिशवीवर इंग्रजीत काय आहे ते लिहायला हवं होतं. मी शिकवणारी बाई, माझं अक्षर चांगलं असणार, म्हणून आजींनी पेन माझ्या हातात दिलं. तांदूळ, चटणी, मिरची झालं. चिन्नोरला इंग्रजीत काय म्हणतात, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. मग तसंच लिहिलं.